मामांची घुसळण

माझ्या सासऱ्यांनी गेल्या नऊ वर्षांत मला जेवढे धक्के दिले आहेत, तेवढे चेन्नईजवळच्या ओरगडमच्या आमच्या कारखान्यातल्या सगळ्या उघड्या वायरींनी मिळूनही दिलेले नाहीत. मी तिथे गाड्यांच्या कारखान्यात मेंटेनन्स सांभाळतो, म्हणजे धक्के खाणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. तरीही अड्यारच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बेल दाबताना माझं बोट अजून कचरतं. एकदा दार उघडलं ते पोहण्याचा चष्मा लावलेल्या मामांनी. बाकी अंगावर पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, आणि कोपरापर्यंत दही. एकदा ते स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथे पडलेले दिसले. मी ओरडलो, तर त्यांनी वर न बघता हातानेच मला गप्प बसवलं. ओट्याखाली ठेवलेल्या बरणीच्या बुडाला पाणी सुटलंय का, ते पाहत होते.

मामा म्हणजे माझे सासरे. इकडे तमिळमध्ये सासऱ्याला मामा म्हणतात आणि आमच्या सांगलीकडेही म्हणतात, त्यामुळे एवढ्या एका शब्दावर आमचं पहिल्या दिवसापासून एकमत आहे. ते तंजावरचे मराठी. कोणीतरी जुनी बखर तमिळ चालीत म्हणून दाखवावी, तसं त्यांचं मराठी ऐकू येतं. बोलता येतं, लिहिता मात्र येत नाही. लिहितात ते तमिळमध्ये. उभं आयुष्य त्यांनी मलमं आणि क्रीमं बनवणाऱ्या एका कारखान्यात काढलं. निवृत्त होताना माणसं शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, मामा तिथलं वेड घेऊन आले. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे पदार्थ आहेत, सुटणारे आणि न सुटणारे. तेल आणि पाणी कितीही ढवळलं तरी आपली पाठ वळली की वेगळं होतं, हे तुम्ही-आम्ही लहानपणीच निमूटपणे मान्य केलेलं आहे. मामांनी ते कधीच मान्य केलं नाही. तो त्यांना स्वतःचा अपमान वाटतो.

"तेल वाईट नाहीं, मापिळ्ळै," ते मला समजावतात. मापिळ्ळै म्हणजे जावई. "त्यास कोणी लहान केलें नाहीं, म्हणून तें वर वर येतें. फोडा त्यास. आणखी फोडा. एवढा बारीक थेंब झाला, त्यावर दह्यांतल्या प्रथिनाचा सदरा चढला, की मग कोठें जाईल? थेंबास थेंब लागून उभे. हालावयास जागाच नाहीं! मग तें पातळ राहात नाहीं, खरवसासारखें बसतें."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा. इतर मुलींचे वडील पगार विचारतात, घर विचारतात. मामांनी माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. मला वाटलं, माणूस भावुक दिसतो. मग त्यांनी माझ्या मनगटावर अंगठा घासला, अंगठा नाकाशी नेला आणि विचारलं, "क्रीम कोणतें लावतां?" मी नाव सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "त्यांत तेल वेगळें पडतें. सोडा तें." एवढंच बोलून ते आत गेले, ते आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. परतताना आई टॅक्सीत म्हणाली, "मुलगी गुणाची आहे रे, पण बापाला एकदा कोणाला तरी दाखवून घे." नंतर कळलं, मी मामांना पसंत पडलो होतो. आत ते माझ्यासाठी क्रीम बनवत होते. लग्नाच्या दिवशी त्यांनी मला अंगठीसोबत त्या क्रीमची बाटलीही दिली, आणि मुहूर्ताला ते मांडवात नव्हते, कारण आचाऱ्याच्या ताकाला पाणी सुटत होतं.

त्यांच्याबरोबर हॉटेलात जाणं म्हणजे शिक्षा. वाढप्याने सांबार ठेवलं की मामा घड्याळ बघतात. दोन मिनिटांनी डाळ खाली बसली आणि वर पाणी दिसलं, की संपलं. "तंबी," म्हणजे अरे बाळा, "इकडे ये. हें सांबार नव्हे, दोन मजली घर आहे. वरती कोण राहतें, खालती कोण राहतें?" वाढप्याला मराठी समजत नाही हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक आपापल्या वाट्या निरखायला लागतात. मी मेनू कार्डामागे तोंड लपवतो आणि माझी बायको "अप्पा, पोदुम!" म्हणजे पुरे, पुरे, म्हणत त्यांच्या हातातला चमचा काढून घेते. या सगळ्यात एकच व्यक्ती ताटाला हात न लावता शांत बसून असे, ती म्हणजे माझ्या सासूबाई. मामींनी या माणसाबरोबर चव्वेचाळीस वर्षं संसार केला होता. त्या कमी बोलायच्या आणि जे बोलायच्या ते एका वाक्यात आटपायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला याचा त्रास नाही का होत? "दारू तर पीत नाहींत," त्या म्हणाल्या.

त्या मामींना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला.

उजवा हात गेला, वाचा गेली. महिन्याभराने त्यांना अड्यारच्या घरी आणलं आणि आम्ही दोघंही तिथेच राहायला गेलो, तेव्हा हात थोडा हलायला लागला होता, पण गिळणं काही परत आलं नाही. पाणी प्यायल्या की ठसका लागायचा आणि तो ठसका ऐकवत नसे. पाणी चुकून फुप्फुसात गेलं तर जीवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाणी दाट करायची एक पावडर दिली होती, तिने त्याची नुसती खळ व्हायची. दोन चमच्यांनंतर मामी ओठ मिटून घ्यायच्या. वजन उतरत चाललं. शेवटी तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस बघू. तोंडाने पुरेसं जात नसेल तर पोटाला छेद घेऊन नळी बसवू." हे ते मामींच्या देखत बोलले. मामींनी डाव्या हाताने माझ्या बायकोच्या ओढणीचा काठ धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. नळीने माणूस जगतो, हे मला कळतं. पण मामींची ती मूठ मला बघवली नाही, हेही खरं आहे.

गिळायचे धडे द्यायला एक थेरपिस्ट बाई घरी यायच्या. त्यांनी मामांना नेमकं काय हवं ते सांगितलं. चमच्यात घेतलं की आकार धरून राहायला हवं, जिभेवर आपसूक सरकायला हवं, चिकटता कामा नये, पाणी सुटता कामा नये, पहिला चमचा आणि शेवटचा चमचा एकसारखा हवा. आणि ताकद यायची तर त्यात भरपूर तेल किंवा तूप हवं. बाई हे सगळं अडचणी म्हणून सांगत होत्या. मामा मात्र ताठ होत होते. झटका आल्यापासून खुर्चीत मुटकुळं करून बसलेला तो माणूस माझ्यासमोर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तेलाची जेल हवी. ती मीच करीन."

पुढच्या चार दिवसांत त्यांनी दोन मिक्सी जाळल्या. पाचव्या दिवशी मी कामावरून आलो तर डायनिंग टेबलावर प्रयोगशाळेतला होमोजिनायझर उभा. एका बंद पडलेल्या औषध कंपनीच्या भंगारातून त्यांनी तो उचलून आणला होता. उभ्या दांडीच्या टोकाला जाळीदार नळकांडं, त्यात मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं. तेलाचा थेंब त्या जाळीतून जाताना पार चिरडून निघतो. मोटार बघूनच मला घाम फुटला. "मामा, याला अर्थिंग आहे का?" मी विचारलं. "तुम्ही आलांत नां आतां," ते म्हणाले. मी अर्थिंग करून दिलं. यंत्र सुरू झालं आणि वरच्या मजल्यावरच्या बाई गाल धरून धावत खाली आल्या. त्यांच्या दातांचं काम अर्धवट राहिलेलं होतं आणि तो आवाज त्यांना सहन होईना. मामांनी त्यांना एक चमचा चाखायला दिला. त्या पुन्हा आल्या नाहीत.

काय बनवायचं हे मामींनीच ठरवलं होतं. बायकोने त्यांचा डावा हात हातात घेऊन एकेका पदार्थाचं नाव घेतलं. पोंगल म्हटलं, काही नाही. पायसम म्हटलं, काही नाही. डांगर म्हटल्याबरोबर मामींनी हात दाबला. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवायचं, हिंग घालायचा, वरून मोहरीची फोडणी द्यायची. तंजावरच्या मराठी घरांत याची पच्चडी, म्हणजे दह्यातली कोशिंबीर, आठवड्यातून एकदा तरी होतेच. मग त्या दह्यात आणि उडदाच्या पिठात वाटी वाटी तिळाचं तेल जिरवायचं काम सुरू झालं. प्रत्येक घाण्याची एक बरणी, बरणीवर तमिळमध्ये चिठ्ठी. चिठ्ठीवर मामींचं नाव आणि आकडा. यमुना तीन, यमुना चार. मी हादरलोच. बायकोच्या नावाने बरण्या भरणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

बरणी टिकते की नाही हे तपासायच्या त्यांच्या पद्धती तर विचारूच नका. मी कामावर निघालो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून, बुटाची नाडी बांधायला वाकलेला. मान वर केली तर डोक्यावर उघडी बरणी पालथी धरून मामा उभे. "भिऊं नका," मामा म्हणाले, "पडली नाहीं, म्हणजे बसली." ती पडली नाही. तिच्या आदल्या दिवशीची पडली होती, पण ती पोस्टमनवर. त्याहून भयंकर म्हणजे माझ्या गाडीचं. चेन्नईच्या उन्हात आणि खड्ड्यांत जेल टिकते का, हे त्यांना बघायचं होतं, म्हणून मला न सांगता ते डिकीत बरणी ठेवून देत. एके दिवशी कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने डिकी उघडली आणि आतली बरणी दोन बोटांत धरून बाहेर काढली. आत पांढरट, थलथलीत काहीतरी. त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली, "यमुना सतरा. उन्हात टिकते का ते पाहणे." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे गाड्यांची रांग लागलेली. "सार," तो हळू आवाजात म्हणाला, "यारु इंद यमुना?" कोण ही यमुना, हे त्याला हवं होतं. मी म्हणालो, माझी सासू. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

पण यमुना टिकत नव्हती. दहा मिनिटं सुरेख घट्ट व्हायची, आणि मामा "आणखी थोडें, आणखी थोडें" म्हणत घुसळत राहायचे, की बघता बघता सगळं पातळ होऊन तेल वर यायचं. त्याला ते 'फुटली' म्हणत. एकविसावी फुटली तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि खाली मान घालून बसले. नळीला आता चार दिवस उरले होते. मी भांडं धुवायला उचललं आणि हात पोळून खाली ठेवलं. "मामा, हे किती तापलंय!" कारखान्यात आम्ही मोटारीला नेहमी हात लावून बघतो, तशी ती सवय. मामांनी माझ्याकडे पाहिलं, भांड्याला हात लावला आणि कपाळावर थप्पड मारून घेतली. उभ्या आयुष्यात त्यांनी क्रीमं घोटली ती गार पाण्याच्या कवचात ठेवलेल्या कढईत. ते कवच कारखान्याचं होतं, त्यामुळे घरी ते त्यांना कधी आठवलंच नाही. जोर तर हवाच, पण त्या जोराने उष्णता येते आणि तिने दह्याचा सदरा फाटतो. मग बर्फाच्या परातीत भांडं ठेवलं. वीस आकडे मोजायचे, थांबायचं, परत वीस मोजायचे. मामांना थांबता येत नसे, म्हणून मशीनचं बटण माझ्या हाती दिलं.

तेविसावी बसली. पांढरी, चकचकीत, सुरीने कापली तर कड धरून उभी राहणारी. मामांनी आनंदाच्या भरात, हात सवयीने वळला म्हणून म्हणा, कढल्यातली चरचरीत फोडणी तिच्यावर ओतली. चव्वेचाळीस वर्षं त्या घरात डांगरावर फोडणी पडत आलेली. आमच्या डोळ्यांदेखत तेविसावी फुटली, आणि वर तिच्यात मोहरी तरंगायला लागली, जी मामींच्या घशात एक जरी गेली असती तरी अनर्थ होता. बायको किंचाळली. मी बटण धरून तसाच उभा. मामांनी पुन्हा तेल तापवलं, मोहरी, हिंग, कढीपत्ता सगळं तडतडू दिलं, तेल मलमलच्या फडक्यातून गाळलं, बर्फावर गार केलं आणि तेच तेल जेलमध्ये घुसळायला घेतलं. फोडणी आत गेली. वरून काही दिसत नव्हतं आणि घरभर फोडणीचा वास होता.

ती चोविसावी तीन दिवस टिकली. थेरपिस्ट बाई सकाळी अकराला आल्या, त्यांनी चमचा वाकडा करून पाहिला, बोटांत घेऊन पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "सार, हे तुम्ही घरी केलंत?" मामींना उशा लावून बसवलं. बाईंनी अर्धा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. मामींनी ओठ मिटले. बाई थांबल्या, पुन्हा नेला. मामींनी मान वळवली. बायकोने समजावलं, मी समजावलं. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ उघडेनात. बाईंनी चमचा बशीत ठेवला आणि फार मवाळ आवाजात म्हणाल्या की बहुधा आता नळीच बरी. मामा पांढरे पडले. मी त्या दिवसांत त्यांचं बरंच काही पाहिलं होतं, पण त्यांना असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "चांगलें आहे, यमुने, चांगलें झालें आहे," ते म्हणत होते. मामी त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या.

बायको अचानक म्हणाली, "अप्पा, तुम्ही जेवलात कधी?"

मामांना प्रश्नच कळला नाही. खरं म्हणजे तीन दिवस ते नुसत्या कॉफीवर होते. आदल्या रात्रीचं ताट मी झाकलेलं होतं तसंच सकाळी टाकून दिलं होतं. मामींच्या खाटेवरून डायनिंग टेबल समोरच दिसतं, आणि त्या टेबलावर मामांनी एक घास खाल्लेला त्यांनी पाहिला नव्हता. "आई तुमच्याआधी कधी जेवली आहे?" बायको म्हणाली. "एक दिवस तरी?"

मामांनी चमचा उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, पण त्यांनी गिळलं आणि तोंड उघडून मामींना दाखवलं. मामींनी तोंड उघडलं. बाईंनी चटकन अर्धा चमचा दिला, गळ्यावर बोटं ठेवली, आणि आम्ही सगळे त्या बोटांकडे बघत राहिलो. ठसका आला नाही. दुसरा चमचा मामांनी खाल्ला, तिसरा मामींनी. असे नऊ चमचे गेले. मामा रडत होते आणि खात होते, आणि एकोणीसशे काहीतरी सालच्या जुन्या हातरुमालाने मामींची हनुवटी पुसत होते. मला इतका धक्का बसला होता की मी बशी धरायचीही विसरलो.

पोटातली नळी टळली. मामी आता मऊ दहीभातही खातात, काठी टेकून बाल्कनीपर्यंत जातात, आणि एखादा शब्द बोलतात. दुपारचं डांगर मात्र अजून रोज लागतं. होमोजिनायझर टेबलावरच आहे, वीस मोजून थांबायला मामा आता स्वतःच शिकले आहेत. बारा वाजले की ते मामींच्या समोर येऊन बसतात, पहिला चमचा स्वतः खातात आणि मग वाटी त्यांच्याकडे सरकवतात. त्यांचा चेहरा अजूनही तसाच वाकडा होतो. बायकोने मला सांगितलं तेव्हा मी चाटच पडलो, की त्या दिवसाआधी मामांनी जन्मात कधी डांगराचा घास घेतलेला नव्हता. उडदाचा वासच त्यांना सहन होत नाही. मामी ते करायच्या, मामा फोडणी घालायचे आणि वाटी मामींपुढे सारून स्वतः लोणच्याशी भात खायचे.

परवा मी त्यांना विचारलं, "मामा, आता आवडायला लागलं का?"

"नाहीं हो," मामा पहिला चमचा कसाबसा गिळत म्हणाले. "पण तिला भूक लागलेली असते."